फारसी कवितेतलं रूपक आणि व्याकरण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गझल ऐकता ऐकता फारसीकडे वळलेल्या, लिपी जेमतेम वाचता येणाऱ्या आणि पुढे अडखळणाऱ्या वाचकांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. उच्चार आपल्याकडच्या जुन्या वळणाने लिहिले आहेत: दिल, गुल, लब. तेहरानमध्ये आज 'देल', 'गोल' म्हणतात. अर्थाला त्याने धक्का लागत नाही.

फारसीत रूपक व्याकरणाच्या कुठल्या जागी बसतं?

बहुतेक वेळा इजाफतीत. दोन शब्दांना जोडणारा हा एक आखूड 'ए', पण त्याच्यावर कामं फार. किताब-ए-मन म्हणजे माझं पुस्तक (मालकी). गुल-ए-सुर्ख म्हणजे लाल फूल (विशेषण). शहर-ए-शीराज म्हणजे शीराज नावाचं शहर. कोह-ए-गम म्हणजे दुःखाचा डोंगर. दस्त-ए-रोजगार म्हणजे काळाचा हात. मराठीत यातल्या काही ठिकाणी चा-ची-चे लागतं, काही ठिकाणी विशेषण आधी येतं, तर काही ठिकाणी नुसतेच दोन शब्द शेजारी बसतात. फारसीत सगळीकडे तोच 'ए'. त्यामुळे 'शीराज नावाचं शहर' आणि 'दुःख नावाचा डोंगर' यांच्या बांधणीत काहीच फरक उरत नाही. रूपकासाठी वेगळं यंत्र नाही, रोजच्या वापरातलंच पुढे चालवलेलं आहे.

ही इजाफत मराठी माणसाच्या तोंडात आधीपासून आहे. 'किल्ले रायगड', 'मौजे', 'कसबे' यांतला शेवटचा 'ए' अनेकवचनाचा नाही, तो फारसी कागदपत्रांतून आलेला आहे: किल्ला-ए-रायगड, रायगड हाच किल्ला.

तशबीही इजाफत आणि इस्तिआरी इजाफत यांत फरक कसा ओळखायचा?

इराणमधल्या शाळांत शिकवतात ती कसोटी सोपी आहे. जोडीतले दोन शब्द घ्या आणि 'अमुक तमुकासारखं आहे' असं वाक्य करून पाहा.

कोह-ए-गम: 'दुःख डोंगरासारखं आहे.' वाक्य जमलं. ही तशबीही, म्हणजे उपमेची इजाफत. उपमेय आणि उपमान दोघंही हजर आहेत.

दस्त-ए-रोजगार: 'काळ हातासारखा आहे.' जमत नाही. काळ हात असलेल्या माणसासारखा आहे, आणि तो माणूस वाक्यात नाहीच, फक्त त्याचा हात आलाय. ही इस्तिआरी, म्हणजे उसनवारीची इजाफत. उपमान गाळून त्याचा एखादा अवयव किंवा गुण उपमेयाला चिकटवलेला असतो.

नवशिक्यांची गफलत पुढे होते. दस्त-ए-अदब, पा-ये-इरादत, दीदा-ए-इन्कार अशा जोड्याही दिसायला हुबेहूब इस्तिआरी. पण दस्त-ए-अदब म्हणजे 'आदर नावाच्या माणसाचा हात' नव्हे. हात बोलणाऱ्याचाच, तो आदराने पुढे केलेला. हिला इक्तिरानी इजाफत म्हणतात. इथे कसोटी वेगळी लावायची: पहिल्या शब्दाचा मालक वाक्यातला कर्ताच आहे का, आणि दुसऱ्या शब्दाला '-ने' किंवा '-पूर्वक' लावून अर्थ लागतो का? 'आदराने हात छातीवर ठेवला', लागला. म्हणजे इथे रूपक नाही. अनुवादात इथे 'आदराचे हात' वगैरे केलं की मूळ साधं वाक्य उगाच नटवं होतं.

लअल-ए-लब आणि लब-ए-लअल एकच का?

लअल म्हणजे माणिक, लब म्हणजे ओठ. दोन्ही तशबीहीच, पण जोर बदलतो. लअल-ए-लब मध्ये मुख्य शब्द माणिक: ओठ हेच माणिक. लब-ए-लअल मध्ये मुख्य शब्द ओठ, आणि 'लअल' जवळपास विशेषणासारखं वागतं: माणकासारखे ओठ. मुख्य शब्द फारसीत आधी येतो, मराठीत शेवटी. म्हणून कोह-ए-गम आरशात धरला की 'दुःखाचा डोंगर' दिसतो. मराठीत आणताना जोडी उलटी करायची, एवढं पक्कं ठेवलं तर निम्मी भाषांतरं सरळ होतात.

दुसऱ्या क्रमात मात्र सावध राहा. दिल-ए-संग म्हणजे दगडासारखं हृदय की खरोखरच्या दगडाचं हृदय? दोन्ही शक्य. आगेमागे काय आहे त्यावरच ठरतं.

इजाफत लिहीतच नाहीत. मग ती कुठे आहे हे कळणार कसं?

व्यंजनानंतरची इजाफत म्हणजे अक्षराखालची एक तिरपी रेघ, आणि छापील पुस्तकांत ती बहुधा गाळलेली असते. आ किंवा ऊ या स्वरानंतर मात्र 'ये' अक्षर येतं: पा-ये, मू-ये. शब्दाच्या शेवटी न उच्चारल्या जाणाऱ्या 'हे' या अक्षरावर छोटा हमजा येतो किंवा पुढे 'ये' लिहितात. बाकी ठिकाणी वाचकाने भरून घ्यायची.

कवितेत त्यासाठी सगळ्यात भरवशाचं साधन म्हणजे वृत्त. हाफिजची ही प्रसिद्ध द्विपदी घ्या:

अगर आँ तुर्क-ए-शीराजी ब-दस्त आरद दिल-ए-मा रा
ब-खाल-ए-हिंदुयश बख्शम समरकंद ओ बुखारा रा

अर्थ: तो शीराजी तुर्क आमचं मन हाती घेईल, तर त्या हिंदू तिळासाठी मी समरकंद आणि बुखारा देऊन टाकीन. वृत्त आहे लगागागा चार वेळा (ल म्हणजे लघु, गा म्हणजे गुरू). मराठी गझलकार याला वियद्गंगा म्हणतात. फोड करू:

अ-गर-आँ-तुर् / के-शी-रा-जी / ब-दस्-ता-रद् / दि-ले-मा-रा
ब-खा-ले-हिन् / दु-यश्-बख्-शम् / स-मर्-कन्-दो / बु-खा-रा-रा

'तुर्क' नंतरची इजाफत गणाच्या पहिल्या, लघु जागेवर पडली, म्हणून ती आखूड. 'दिल' आणि 'खाल' नंतरच्या इजाफती गुरू जागेवर पडल्या, म्हणून त्या ताणून वाचायच्या. इजाफत गरजेप्रमाणे लघु किंवा गुरू होते, हा नियमच आहे. आणि ती काढून टाकली तर ओळ लगेच लंगडते. तुमच्या वाचनात एक मात्रा कमी पडत असेल, तर पहिला संशय सुटलेल्या इजाफतीवर घ्या. दुसरा संशय 'ओ' वर, म्हणजे 'आणि' वर. तोही मागच्या व्यंजनाला चिकटून उच्चारतात (समरकन्-दो). दिल-ओ-जान आणि दिल-ए-जान यांची अदलाबदल अर्थ पार पालटते.

याच ओळीत रूपक कुठे आहे? मला तर एक तुर्क आणि एक हिंदू दिसतो.

तिथेच आहे. 'तुर्क' म्हणजे गोरी, निष्ठुर प्रिय व्यक्ती. उपमेय गाळून नुसतं उपमान ठेवलंय. खाल-ए-हिंदू म्हणजे काळा तीळ. जुन्या फारसी कवितेत 'हिंदू' हा शब्द काळेपणासाठी, रात्रीसाठी, गुलामासाठी सर्रास येतो, धर्माशी इथे संबंध नाही. गोऱ्या तुर्कासमोर काळा हिंदू ही जोडी त्या परंपरेत ठरलेलीच.

व्याकरणाच्या दोन गोष्टी इथे हातात येतात. 'हिंदुयश' मधला 'अश' म्हणजे त्याचा किंवा तिचा. तो व्याकरणाने 'हिंदू' ला चिकटला असला तरी अख्ख्या जोडीला लागू होतो: 'तिच्या हिंदूचा तीळ' नव्हे, तर 'तिचा काळा तीळ'. असं सर्वनाम नेहमी इजाफतीच्या साखळीच्या टोकाला बसतं. तसंच 'रा' हा कर्माचा प्रत्यय: 'समरकंद ओ बुखारा' या पूर्ण गटाला शेवटी एकदाच लागला. लांबलचक साखळी कुठे संपते ते कळत नसेल तर पुढचा 'रा' किंवा टोकाचं सर्वनाम शोधा, ते कुंपणाच्या खांबासारखे उभे असतात.

एक अडचण राहतेच. कवी ही चिकटणारी सर्वनामं हवी तिथे उडवतात. सादीची ओळ पाहा: 'गरत जि दस्त बर-आयद, चु नख्ल बाश करीम.' 'गर-अत' मधला 'अत' (तुझा) खरा 'दस्त' चा आहे: तुझ्या हातून होत असेल तर खजुरीसारखा उदार हो. याला जहिश-ए-जमीर म्हणतात. सर्वनाम जवळच्या शब्दाशी जुळत नसेल तर दोन-तीन शब्द पुढे सरकवून पाहायचं.

मराठी शाळेतले अलंकार इथे चालतात का?

बऱ्यापैकी. सादीच्या वरच्या ओळीत उपमेचे चारही भाग आहेत: उपमेय 'तू' (मुशब्बह), उपमान 'खजूर' (मुशब्बह-बिह), साम्यवाचक 'चु' (अदात) आणि साधारण धर्म 'उदारपणा' (वज्ह-ए-शबह). शेवटचे दोन गाळले की तशबीह-ए-बलीग, म्हणजे आपलं रूपक. कोह-ए-गम त्यातलंच. उपमेयही गाळलं की इस्तिआरा-ए-मुसर्रहा, संस्कृतातल्या रूपकातिशयोक्तीच्या जवळचं. आणि दस्त-ए-रोजगार हे इस्तिआरा-ए-मकनिय्या. आपल्या चेतनगुणोक्तीशी त्याचं बरंच जमतं, पण ते जास्त ऐसपैस आहे, कारण गाळलेलं उपमान माणूसच असलं पाहिजे असं नाही. पक्षी असेल, झाड असेल, इमारत असेल.

साम्यवाचक शब्दांची यादी पाठ करून टाका: चु, चून, हमचु, मानंद, मिस्ल, गूई, पिंदारी. यातला 'चून/चु' दगा देतो, कारण त्याचा अर्थ 'जेव्हा' आणि 'कारण' असाही होतो. पुढे नाम आलं तर बहुधा 'सारखा', पूर्ण वाक्य आलं तर बहुधा 'जेव्हा'.

उपमान एकटंच आलं तर ते रूपक आहे हे ओळखायचं कशावरून?

करीन्यावरून, म्हणजे खुणेवरून. शब्दाच्या आसपास असं काहीतरी असतं जे शब्दशः अर्थाला लागू पडत नाही. सर्व-ए-चमान म्हणजे डौलात चालणारा सरू. सरूचं झाड चालत नाही, म्हणून हा सरू म्हणजे उंच, सडपातळ प्रिय व्यक्ती. 'चमान' हे '-आन' प्रत्ययाचं धातुसाधित विशेषण, आणि सगळी खूण त्या एका प्रत्ययात आहे. सर्व-ए-रवान हेही तसंच.

ठरलेली उपमानं फार नाहीत. नर्गिस म्हणजे डोळा, सुंबुल म्हणजे केस, लअल म्हणजे ओठ, मोती म्हणजे दात किंवा आसवं, कमान म्हणजे भुवई, बाण म्हणजे पापण्या, माह म्हणजे चेहरा किंवा ती व्यक्तीच, बुत म्हणजे प्रिय मूर्ती. पण यादी तोंडपाठ करून ओळींवर लादू नका. बागेच्या वर्णनात नर्गिस खरोखर नर्गिसचं फूलच असतं. मागे '-अश' लागून 'नर्गिसश' (त्याची नर्गिस) झाली आणि ती भांडखोर किंवा मस्त असेल, तर मात्र डोळा.

संगदिल, माहरू, परीवश हे शब्द इजाफतीशिवाय कसे?

हे सामासिक शब्द, आपल्या बहुव्रीहीचे सख्खे भाऊ. कमलनयन जसा, तसाच माहरू: चंद्र आहे चेहरा ज्याचा. संगदिल, सर्वकद, गुलइजार, आहूचश्म सगळे याच साच्यातले: उपमान आधी, अवयव नंतर, मध्ये इजाफत नाही, आणि पूर्ण शब्द विशेषण. संग-ए-दिल असं वाचलंत तर व्यक्तीचं वर्णन जाऊन 'हृदयाचा दगड' हातात राहतो.

दुसरा गट प्रत्ययांचा: -वश, -सान, -आसा, -गून, -वार. माहवश, गुलगून. यात '-सारखा' प्रत्ययातच आहे, म्हणून ही काटेकोरपणे उपमा, रूपक नव्हे. अनुवादात हा फरक पाळणं शक्य आहे. परीवश म्हणजे 'परीसारखी'. नुसती 'परी' आली तर 'परी'च ठेवा, 'सारखी' घुसडू नका.

'तू माही' म्हणजे 'तू चंद्र आहेस', 'तू एक चंद्र' की 'तू मासा'?

तिन्ही वाचनं व्याकरणात बसतात, आणि कवी त्याचा फायदा घेतात. शब्दाच्या शेवटची 'ई' किमान तीन प्रकारची असते: 'आहेस' या अर्थाची (तू माह-ई), 'एक/कुठलासा' या अर्थाची (माह-ई, एक चंद्र), आणि भाववाचक (मर्द-ई, मर्दपणा). शिवाय 'माही' म्हणजे मासा हा मूळ शब्दच वेगळा. वाक्यात 'तू' असेल आणि दुसरं क्रियापद नसेल तर आधी 'आहेस' लावून पाहा. दुसरं क्रियापद असेल तर 'एक'.

फारसीत लिंग नाही. मग प्रिय व्यक्ती पुरुष की स्त्री?

बहुतेक गझलांत भाषा ते सांगतच नाही. 'ऊ' म्हणजे तो आणि ती दोन्ही, क्रियापदही बदलत नाही. यामुळेच तुर्क, सर्व, माह, बुत ही उपमानं इतकी मोकळी फिरतात: राजा, प्रियकर, प्रेयसी, ईश्वर, कोणाच्याही जागी बसतात. मराठीत 'आला' किंवा 'आली' म्हणावंच लागतं आणि तिथे एक दार बंद होतं. व्यवहारातले उपाय: क्रियापदाऐवजी क्रियेचं नाम वापरा ('तू येतोस' मध्ये लिंग उघडं पडतं, 'तुझं येणं' मध्ये नाही), किंवा उपमानाचंच लिंग चालू द्या: 'सरू आला'. ओळीतली व्यक्ती पक्की माहीत नसताना सरसकट 'ती' करणं हा सगळ्यात जास्त आढळणारा दोष.

वाऱ्याशी, हृदयाशी बोलताना व्याकरण काय करतं?

संबोधन आणि आज्ञार्थ या दोघांवर काम भागतं. 'ऐ' आधी येतो, किंवा शेवटी 'आ': दिला (हे हृदया), साकिया. कधी दोन्ही नसतात. 'सबा, ब-लुत्फ बिगू', म्हणजे पहाटवाऱ्या, जरा प्रेमाने सांग. इथे 'बिगू' या आज्ञार्थावरूनच वारा श्रोता झाल्याचं कळतं.

आणखी एक बारकी खूण आहे. निर्जीव वस्तूंच्या अनेकवचनाला फारसीत क्रियापद एकवचनी चालतं. तेच अनेकवचनी झालं तर कवीने वस्तूंना जिवंत केलं असण्याचा संभव असतो: तारे डोळे मिचकावतात, तेव्हा क्रियापद अनेकवचनी. आधुनिक भाषेत हे बऱ्यापैकी टिकतं. जुन्या काव्यात नुसत्या क्रियापदाच्या वचनावर निकाल देऊ नये.

'गम खुर्दन' म्हणजे दुःख खाणं. हेही रूपकच का?

मुळात असेल, आता नाही. ही जोड-क्रियापदं आहेत: गम खुर्दन (दुःखी होणं), सौगंद खुर्दन (शपथ घेणं, आपणही शपथ खातोच), जमीन खुर्दन (पडणं), दिल बुर्दन (मन जिंकून नेणं). रोजच्या वापरात कोणाला जेवण आठवत नाही. पण कवी शेजारी 'भूक', 'ताट', 'रक्त' असा शब्द ठेवून झोपलेलं रूपक उठवतो. तेव्हाच ते अनुवादात दाखवायचं. एरवी 'दुःख खाल्लं' लिहिलं तर वाचक विनाकारण थबकतो.

किनाया यापेक्षा वेगळा. 'सर ब-कोह ओ बयाबान दादन', म्हणजे डोंगर-रानात भटकायला लावणं, अर्थात वेड लावणं. यात शब्दशः अर्थही शक्य असतो. इस्तिआऱ्यात तो शक्य नसतो.

ईहाम म्हणजे श्लेषच ना?

जवळचा, पण ईहामात एक अर्थ आधी सुचतो आणि कवीला दुसरा हवा असतो. मर्दुम म्हणजे लोक आणि डोळ्याची बाहुलीही. बू म्हणजे वास आणि आशाही. चीन म्हणजे देश आणि केसांची वळी. डोळ्याबद्दलच्या ओळीत 'मर्दुम' दिसला किंवा केसांच्या ओळीत 'चीन' आला की थांबा. शब्दकोशातला पहिला अर्थ घेऊन पुढे पळणाऱ्याच्या हातून इथेच निम्मी ओळ निसटते.

'यक बयाबान तन्हाई' यात इजाफत दिसत नाही. चूक आहे का?

नाही. ही सब्क-ए-हिंदीची, म्हणजे सोळाव्या-सतराव्या शतकात हिंदुस्थानाशी जोडल्या गेलेल्या शैलीची लाडकी रचना. फारसीत मोजताना संख्या आणि वस्तू यांच्यामध्ये मोजणीचा शब्द येतो: दो जिल्द किताब, पुस्तकाच्या दोन प्रती. त्या मोजणीच्या जागेवर कवी उपमान बसवतो: एक वाळवंट एकटेपण. वाळवंट हेच माप. इजाफत घातलीत तर 'एकटेपणाचं एक वाळवंट' होतं आणि मापाची गंमत जाते. मराठीत यासाठी '-भर' तयार आहे: चिमूटभर सुख म्हणतो तसं रानभर एकटेपण. या शैलीतला कवी बेदिल (१६४४–१७२०) याच्या ओळींत असे प्रयोग जागोजाग सापडतात.

या काळाच्या फारसीचं आपल्या मुलखाशी नातं जवळचं आहे. फारसी कवी जुहूरीने आपला साकीनामा (साकीला उद्देशून लिहिलेलं काव्य) अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाला अर्पण केला आणि पुढे तो विजापूरला इब्राहिम आदिलशहाच्या दरबारी राहिला.

ओळ वाचायला घेताना काय आधी पाहायचं?

क्रियापद. ते शेवटी असेलच असं नाही, वृत्तासाठी कुठेही सरकतं. त्याच्या प्रत्ययावरून कर्ता मी, तू की तो हे कळतं. मग 'रा' शोधा, कर्म सापडलं. आता मोठ्याने, लघुगुरू मोजत वाचा आणि इजाफती पेन्सिलीने लिहून टाका. मगच प्रत्येक इजाफतीला मालकी, विशेषण, नाव, उपमा, उधार अवयव हे प्रश्न विचारा. उलट क्रमाने, म्हणजे आधी सुंदर प्रतिमा शोधून मग व्याकरण जुळवायला गेलात, तर दोन ओळींत तीन रूपकं 'सापडतात' आणि त्यातलं एखादंच खरं असतं.

मराठी गझलेत मराठी शब्दाला इजाफत लावली तर चालेल का?

जुना संकेत असा की जोडीतले दोन्ही शब्द फारसी किंवा अरबी असावेत. उर्दूतही तोच पाळतात: शब-ए-गम चालतं, रात-ए-गम खटकतं. मराठीत गझल रुजवणारे माधव जूलियन फारसीचे प्राध्यापक होते, फारशी-मराठी कोश त्यांनीच केला. तरी मराठी गझलेचा गाडा पुढे '-चा, -ची, -चे' वरच चालला, आणि ते बरंच झालं. 'दुःखाचा डोंगर' मध्ये काहीही कमी पडत नाही. इजाफत वापरायचीच असेल तर शाम-ए-गझल, दर्द-ए-दिल असे आयते, सवयीचे झालेले शब्द घ्या. आणि लघुगुरू मोजताना तो 'ए' आखूड धरलाय की लांब, हे आधी स्वतःशी ठरवा. मराठी वाचक तो हमखास लांबच वाचतो.